जीन म्हणजे कापसाची नव्हे

वरोऱ्यात ताजने सरांचं पोट हा सार्वजनिक विषय होता. नगरपालिकेचा नळ आणि कापसाचा भाव यांच्या जोडीला हे पोट असायचं, आणि त्यावर कुणीही, केव्हाही, काडीची माहिती नसताना बोलू शकत असे. नळाबद्दल निदान नगरपालिकेतल्या एखाद्याला तरी खरं ठाऊक असायचं. पोटाबद्दल खुद्द सरांनाही बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. त्यांना दुखण्यापेक्षा याचाच जास्त राग येत असे.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. सर नववी-दहावीला विज्ञान शिकवत. उंच, हाडकुळे, शर्ट कडक इस्त्रीचा आणि पँट मात्र कायम ढिली, कारण कमरेचं माप कुठल्या महिन्यात काय असेल याचा शिंप्यालाही अंदाज येत नसे. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची अगदी दाराला लागून होती. ती मानाची जागा असावी अशा समजुतीने मी पहिल्याच दिवशी तिच्यावर जाऊन बसलो.

"मास्तर, ते खुर्ची मोकळी ठेवा," सर म्हणाले, "मले इथून पळाचं असते."

सरांची ओळख म्हणजे त्यांचं उजव्या हाताचं बोट. समोरचा काही चुकीचं बोलला की ते बोट वर जायचं आणि पाठोपाठ दोन शब्द यायचे, "एक मिनिट." मग समोर दहावीचा पोरगा असो की संस्थेचे अध्यक्ष, सुटका नसायची. एकदा शाळेत शोकसभा होती. मुख्याध्यापक गहिवरून म्हणाले, "हृदय बंद पडल्याने त्यांचं निधन झालं." शेवटच्या रांगेतून बोट वर आलं. "एक मिनिट. मरताना हृदय सगळ्याईचंच बंद पडते. कारण काय होतं ते सांगा." मुख्याध्यापकांचं रडू जागच्या जागी थांबलं. पुढे सर गेले, तेव्हा त्यांच्या शोकसभेतही कुणीतरी नेमकं हेच वाक्य म्हणालं. त्या दिवशी ते वाक्य तसंच राहिलं.

मी भाषेचा मास्तर, म्हणून सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस आपल्याच जातकुळीतला. एकदा मोठ्या उत्साहाने मी त्यांच्या 'मले-तुले'वर काहीतरी बोललो. बोट लगेच वर. "एक मिनिट. मी मले म्हणतो, तुले म्हणतो, त्यानं कोणाचं काई बिघडत नाई. पेशीच्या पटलाले भिंत म्हटलं की बिघडते. तुमी वेलांट्या पाहा, मी अर्थ पाहतो." ही कामाची वाटणी त्यांनी परस्पर करून टाकली आणि मीही ती निमूटपणे मान्य केली.

पेशीचं पटल हा त्यांचा जीव की प्राण. झाडाच्या पेशीला भिंत असते, प्राण्याच्या पेशीला नसते, नुसतं पटल असतं. दहावीच्या पूर्वपरीक्षेत एका मुलीने प्राण्याच्या पेशीला भिंत लिहिली. सरांनी अर्धा मार्क कापला आणि त्या अर्ध्या मार्काने तिचा पहिला नंबर गेला. त्या मुलीचं नाव अनिता ताजने. सरांची एकुलती एक लेक. त्या आठवड्यात सरांच्या घरी काय शिजलं हे कुणाला कळलं नाही, पण सर रोज डब्यात केळी आणत होते.

पटल समजावून सांगायला त्यांच्याकडे एक ठरलेलं उदाहरण होतं. वरोरा म्हणजे कापसाचं गाव आणि कापसाच्या गावात जीन असतेच. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना म्हणजे जीन. सरांचे वडील अशाच एका जीनच्या गेटवर चौकीदार होते. सर वर्गात सांगत, "पेशी म्हंजे जीनचं कंपाउंड समजा. भोवती तारेचं कुंपण, ते पटल. कुंपणाले गेट, गेटवर चौकीदार. कोणती गाडी आत सोडाची, कोणती बाहेर काढाची, हे तो ठरवते. हे चौकीदार म्हंजे वाहक प्रथिनं. चौकीदार कामाचा तर जीन चालते. चौकीदार कच्चा तर आत गोंधळ." अभ्यासक्रमात यातलं अवाक्षर नव्हतं. अभ्यासक्रमात नसलेलं शिकवायचं आणि असलेल्याची तक्रार करायची, ही सरांची पद्धत होती.

आता पोटाकडे येतो. कळा, जुलाब, रक्त, ताप, आणि मग मधेच काही महिने असे की जणू काही झालंच नव्हतं. पहिल्या डॉक्टरने आतड्याचा टीबी ठरवला आणि सरांनी टीबीची औषधं इमानदारीने संपवली. टीबी नव्हताच, त्यामुळे तो बरा झाला नाही. मग कुणी अंगारा आणला, कुणी बेलफळाचा मुरब्बा. दुसऱ्या एका डॉक्टरच्या गोळ्यांनी सरांचा चेहरा असा गोल सुजला की लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करू लागले, "वा सर, तब्येत सुधरली!" सर त्यांना गोळीचं नाव आणि ती चेहरा कसा सुजवते ते सांगत. मग लोक अभिनंदन करायचे बंद झाले.

या सगळ्यात भोगलं ते कुसुमवहिनींनी, सरांच्या बायकोने. सरांच्या आईचं, म्हणजे घरात आणि गल्लीत सगळे जिला माय म्हणत तिचं, निदान पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. "ह्या बाईनं तिखट चारू चारू माह्या पोराचं आतडं जाळलं." नळावर, देवळात, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार बाया भेटतील तिथे माय हे निदान मोफत देत असे. वहिनींनी घरातला तिखटाचा डबा केव्हाच उचलून टाकला होता. स्वतःही फिकं वरण-भात खात होत्या. पण आरोप काही मागे घेतला गेला नाही. मला त्या बाईची कीव यायची आणि मायचा संतापही. पण मायसमोर बोलायची हिंमत वरोऱ्यात एकाच माणसाकडे होती, आणि त्याच्याकडे तोवर पुरावा नव्हता.

दोन हजार साल उलटल्यावर नागपूरच्या एका नव्या डॉक्टरने दुर्बीण घालून, तुकडा तपासून आजाराचं खरं नाव सांगितलं. आतड्याला आपोआप दाह होणारा हा आजार, जन्माचा सोबती. सरांनी नावावर समाधान मानलं नाही. का होतो, ते विचारलं. डॉक्टर तरुण होता, त्याला असा रोगी कधी मिळाला नसावा. त्याने सांगितलं की नेमकं कारण कुणालाच ठाऊक नाही. पण काही घराण्यांत हा जास्त दिसतो, आणि आतड्यांच्या पेशींवरच्या वाहक प्रथिनांची जी जनुकं आहेत, ज्यांना इंग्रजीत जीन म्हणतात, त्यांच्यावर शास्त्रज्ञांचा अलीकडे संशय आहे. प्रथिनाचा आराखडा थोडा वेगळा निघाला तर आतडं चिडायला सोपं जातं. हा नुसता कल आहे, निकाल नव्हे, हेही त्याने दोनदा बजावलं.

सर नागपूरहून बक्षीस मिळाल्यासारखे परत आले. ज्या चौकीदारावर त्यांनी उभं आयुष्य शिकवलं, तोच त्यांच्या पोटात कच्चा निघाला होता. एखाद्याला याचं दुःख झालं असतं. सरांना आपलं उदाहरण बरोबर निघाल्याचा आनंद आवरत नव्हता. त्याच आनंदात त्यांनी घरी पाय ठेवताच जाहीर केलं, "माय, तिखटाचा काई दोष नाई. जीनमधी बिघाड हाय. गेटवरचा चौकीदार कच्चा हाय."

माय ताडकन उठली. मी तेव्हा ओसरीवर चहा पीत होतो, त्यामुळे पुढचं कानांनी ऐकलेलं आहे.

"चौकीदार कच्चा? माह्या नवऱ्यानं सारी जिंदगी जीनच्या गेटवर काढली! एक बोंड बाहेर जाऊ देल्लं नाई त्यानं! मेल्यावर त्याच्यावर बट्टा लावून राह्यला तू?"

"एक मिनिट, माय. जीन म्हंजे कापसाची जीन नाई."

"मंग कायची? वरोऱ्यात दुसरी कोणती जीन हाय?"

सरांनी समजावलं. हे जीन शरीरात असतं, मायबापांकडून येतं. इथे शहाण्या माणसाने थांबायचं असतं. "मायबापांकडून" हा शब्द ऐकून मायने "म्हंजे म्या देल्ली तुले बिमारी?" असं म्हणून जे जेवण सोडलं, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत धरलं नाही. उपाशीपोटी तिने विचार मात्र केला. आणि मग तिला उलगडलं. हा लहानपणी बापाचा डबा घेऊन जीनमध्ये जायचा. कापसाच्या ढिगावर लोळायचा. रुई उडायची, ती नाकातोंडातून पोटात गेली आणि आतड्याला चिकटून बसली. डॉक्टर बरोबरच बोलला, आजार जीनचाच.

हे निदान गावाला एकदम पटलं. ज्याला त्याला आपल्या घरातला जीनमध्ये खपलेला माणूस आठवला. आणि मुख्य म्हणजे कुसुमवहिनी निर्दोष सुटल्या. इतक्या वर्षांनी माय नळावर म्हणाली, "सुनेचा काई दोष नाई, जीनचा हाय." सरांना हे सहन होईना. दिसेल त्याला थांबवून ते जनुक समजावत राहिले. एकदा वहिनी माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या, "राहू द्या न आता. तुमचं खरं झालं की मी पुन्हा खोटी पडन." सरांनी बोट वर केलं. मग म्हणाले, "एक मिनिट. खरं ते खरं." नवरा म्हणून त्या दिवशी सरांना मी काठावरही पास केलं नसतं.

अनिता तोवर डी.एड. होऊन शिक्षिका झाली होती. तिच्याबरोबर शिकलेला, गडचिरोलीकडच्या वडशाचा एक मुलगा होता, तोही शिक्षक. दोघांचं आधीच जमलेलं होतं, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्याचं नाटक चालू होतं. वडशाच्या माणसांना नाटक शिकवावं लागत नाही. हिवाळा आला की झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्याची, सगळी नाटकं तिथूनच निघतात. मुलाचे वडील मारोतीभाऊ वर्षभर राईस मिलमध्ये कामाला आणि हिवाळ्यात एका नाटक मंडळीच्या गेटवर. आडदांड, आवाज मंडपाच्या टोकापर्यंत जाणारा.

मुलगी पाहायचा कार्यक्रम झाला, घरचा म्हणून मीही होतो. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. मग मुलाच्या मामाने घसा साफ केला. "सराईच्या पोटाचं आयकलं होतं. ते घराण्यातलं हाय का? म्हंजे पोरीले बी...?"

अनिताचा हात ट्रेवर तसाच राहिला. सरांचं बोट वर यायला लागलं होतं. पण माय त्यांच्यापेक्षा चपळ निघाली. "छ्या! जीनचं हाय ते. लहानपणी रुई खाल्ली त्यानं."

मारोतीभाऊ एवढ्या मोठ्याने हसले की पोह्यांच्या बशा वाजल्या. "जीनचं? मंग काई टेन्शन नाई! वडशाले जीनच नाई न भाऊ. आमच्याकडे राईस मिल. कोंडा उडते, त्यानं खोकला येते. पोटाले काई होत नाई."

सगळे हसले. कुसुमवहिनी नवऱ्याकडे बघत होत्या, आणि तशा नजरेने त्यांना बघताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. अनिता खाली बघत होती. सरांचं बोट छातीपर्यंत येऊन थांबलं, घुटमळलं आणि पाण्याच्या पेल्याकडे वळलं. ते पाणी प्यायले. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, बोलणी सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात शाळेत हाहाकार माजला. नववीतल्या एका पोराने प्राण्याच्या पेशीला भिंत काढली आणि सरांनी वहीवर बरोबरची खूण केली. पोरगं घाबरून माझ्याकडे आलं, "सर, ताजने सराले काई झालं काय?" स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली की आजार डोक्यात गेला. मला कारण ठाऊक होतं: पोह्यांच्या दिवशी अर्ध्यावरून वळलेलं ते बोट. लेकीचा संसार एका शब्दावर उभा असेल तर तो शब्द कुणी हलवू नये, असंच मला वाटत होतं. अजूनही अधूनमधून वाटतं.

शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी होतो. अनिताने सरांपुढे मऊ भात ठेवला आणि तिथेच बसली.

"बाबा, मी पेशीले भिंत लिवली तर माहा अर्धा मार्क कापला होता तुमी."

"हो."

"पहिला नंबर गेल्ता माहा."

"गेल्ता."

"मंग वडशावाल्याईचा काऊन नाई कापला?"

सर भात कालवत राहिले.

"मले त्याच घरी जाचं हाय बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पण उद्या माहं पोट दुखलं, तर ते म्हंतील फसवलं. तवा मी कोणाले समजावू?"

सरांनी ताट बाजूला सारलं. संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, उद्या वडशाले चाला."

इथे थोडं समजून घ्यायला हवं. सर एसटीत बसत नसत. नागपूरला जायचं तर रेल्वेने, कारण रेल्वेच्या डब्यात सोय असते. वडशालाही रेल्वे आहे, पण वरोऱ्याहून जायचं तर चंद्रपूरला उतरून दुसरं स्टेशन गाठावं लागे आणि तिथली गाडी तिच्या मर्जीने यायची. लाल डब्याने जायचं म्हणजे चिमूर, ब्रह्मपुरी असा खड्ड्यांचा रस्ता आणि कंडक्टरच्या घंटीची दया. मी म्हटलं, "चिठ्ठी लिहा." ते म्हणाले, "एक मिनिट. चिठ्ठी कोणीबी वाचन अन कसाबी अर्थ काढन. शब्दानं घोळ झाला, तो तोंडानंच निस्तराचा." शनिवारी ताट बाजूला सारल्यापासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. पाण्याची बाटली घेतली आणि खिडकीशी बसले.

चिमूरच्या स्टँडवर सर उतरून जवळजवळ धावतच गेले. बराच वेळ आले नाहीत. कंडक्टर घंटी मारू लागला. मी खाली उतरलो आणि गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "साहेब संडासाची तपासणी करताहेत. थांबायचं तर थांबा, नाहीतर गाडीचा नंबर द्या." गाडी थांबली. एवढंच नाही, सर बाहेर आले तेव्हा एक माणूस फिनेलची बादली घेऊन दारात उभा होता आणि कंट्रोलरने त्यांना नमस्कार केला. सरांनी नमस्कार परत केला आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला, कपाळावर घाम, दोन्ही हात पोटावर दाबलेले. ब्रह्मपुरी येईपर्यंत ते तसेच बसून होते.

वडशाला मारोतीभाऊ अंगणात खाटेवर बसले होते. व्याही न कळवता आलेले बघून गडबडले. सरांनी चहा नाकारला, पाणी घेतलं आणि उभ्याउभ्याच बोट वर केलं.

"एक मिनिट, मारोतीभाऊ. त्या दिवशी चूक झाली. जीन म्हंजे कापसाची जीन नाई."

मग त्यांनी सांगितलं. जीनचं कंपाउंड त्यांनी त्या दिवशी वापरलं नाही. मारोतीभाऊंना बोलता बोलता त्यांच्याच नाटकाच्या मंडपात नेलं. "तुमच्या गेटवर तुमी कोणाले आत सोडता, कोणाले बाहेर ठेवता. तसे गेटवाले आतड्यात असतात. माह्यावाले कच्चे हायत. ते कसे घडवाचे हे ज्यात लिवलेलं असते, त्याले जीन म्हंते. हे मायबापापासून पोराले जाते. अनिताले गेलं असन, नसनबी."

मारोतीभाऊ बराच वेळ खाटेची दोरी चाचपत राहिले. "गेटवाला कच्चा असला तर रोजच दंगा होते का?"

"रोज नाई. काई जणाईले जन्मभर होत नाई. झाला तर मंडपबी जळते. माहा जळून राह्यला."

"म्हंजे पोरगी बिमार पडनच, असं नाई?"

"नाई. पडनारच नाई, असंबी नाई."

दारात उभी मारोतीभाऊंची बायको पुढे आली. "एवढ्या दुरून लगन मोडाले आले का सर तुमी?"

"लगन मोडाले नाई, बाई," सर म्हणाले. "शब्द दुरुस्त कराले आलो."

"इचार करून सांगतो," मारोतीभाऊ म्हणाले. त्यांनी आम्हाला स्टँडवर सोडलं. निरोप घेताना ते हसले नाहीत.

मग कितीतरी दिवस वडशाहून काही आलं नाही. माय सरांशी बोलेना. वहिनी बोलत, पण भिंतीकडे बघून. अनिता मात्र बापाच्या ताटाशी रोज बसायची. सर वर्गात पुन्हा अर्धे मार्क कापू लागले. पोरं बिचारी निश्चिंत झाली.

शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीत फोन वाजला. मारोतीभाऊंचा आवाज फोनमधून व्हरांड्यापर्यंत ऐकू येत होता. "सर, घरात लय बोलणं झालं. पोरगा हटून बसला. अन म्याबी इचार केला, आमच्या मंडळीत गेटवाले सारेच कच्चे हायत, तरी नाटक कदी बंद नाई पडलं. तारीख काढा. पण एक अट हाय. ज्याईले समजाचं त्याईले समजलं. लग्नात आमच्या बाकी लोकांसाठी जीन म्हंजे जीनच राहू द्या. तुमी एकेकाले समजावत बसले, तर वरात घरी जाणार नाई."

सर फोनवर एवढंच म्हणाले, "पाहतो." त्या 'पाहतो'वर आमच्यापैकी कुणाचाही विश्वास नव्हता.

लग्न झालं. पंगती बसल्या. सर एका कोपऱ्यात, पुढ्यात फिका भात. मारोतीभाऊंची म्हातारी बहीण वाढायला हौसेने फिरत होती. ती सरांसमोर येऊन थांबली आणि भावासारख्याच आवाजात म्हणाली, "तुमचं आयकलं बरं सर. त्या जीनच्या रुईनं घात केला तुमचा. पण आता पोरीले काई भेव नाई. आमच्याकडे जीनच नाई!"

आजूबाजूच्या माना डोलल्या. पलीकडच्या रांगेत वहिनींचा घास हातातच राहिला. शाळेचा सगळा स्टाफ सरांकडे बघत होता. मांडवात नवऱ्याशेजारी बसलेली अनितासुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून बघत होती.

सरांचं बोट वर गेलं. थेट, पूर्ण, वर्गात जायचं तसं.

"एक मिनिट, बाई," ते म्हणाले.

बाई थांबल्या. सगळेच थांबले. सरांनी मांडवाकडे पाहिलं. अनिता त्यांच्याकडेच बघत होती, आणि बाप-लेकीत जे समजायचं ते समजलं असावं. सरांनी बोट हळूच खाली आणलं आणि पानावरचा भात दाखवला.

"थोडं वरण वाढा."